सतरा नंबरचं रिकामं पोर्ट

एक सरळ प्रश्न विचारते. एखादं यंत्र खोटं बोलायला लागलं, तर तुम्ही ते तपासाल की त्याला लिंबू-मिरची बांधाल?

आमच्या मराठी मंडळाने बांधली. अमेरिकेत, पार्सिपनीत, आणि तीही इंजिनिअर लोकांनी!

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. माझे बाबा सोलापुरात बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढायचे. त्या पत्रकांच्या घड्या घालताघालता मी वाचायला शिकले. त्यामुळे पुढचं सगळं मी दात-ओठ खात लिहितेय, हे लक्षात असू द्या.

आमचा हॉल एका किराणा दुकानाच्या मागे आहे. स्टेजच्या मागून एक बोळ जातो, त्याच्या टोकाला कोठीची खोली. तिथे मोठ्या पातेल्यांच्या वरच्या फळीवर नेटवर्कचा स्विच — चोवीस पोर्टचा, म्हणजे केबल खोचायच्या चोवीस खाचांचा. नेटवर्क हे माझं नोकरीतलंच काम, म्हणून मंडळातही ते माझ्याच गळ्यात.

दिवाळीच्या कार्यक्रमात अख्ख्या हॉलचं इंटरनेट आडवं झालं. शोधलं, तर एका केबलची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन सॉकेटमध्ये! म्हणजे स्विचमधून निघालेलं परत स्विचमध्येच, गोल गोल, सगळं ठप्प होईपर्यंत.

"अगं, ती वायर लोंबत होती, बरी दिसेना," वैशालीकाकू म्हणाल्या. "मी खोचून ठेवली."

घरात पसारा नको, हे ठीक. पण केबल म्हणजे पदर नाही हो काकू!

मग मी लूप प्रोटेक्शन लावलं. सोपं आहे. स्विच प्रत्येक पोर्टमधून एक छोटा संदेश सोडतो. आपलाच संदेश आपल्याकडे परत आला, की कुठेतरी लूप झालाय हे त्याला कळतं आणि तो तेवढं पोर्ट बंद करतो. ते मी हाताने उघडेपर्यंत बंदच राहील, आणि मला फोनवर अलर्ट येईल, असं सेटिंग ठेवलं. मुद्दाम लूप करून बघितला. चोख चाललं.

पुढच्याच आठवड्यात अलर्ट आला : पोर्ट सतरा, लूप.

गेले. सतरामध्ये केबलच नव्हती. कधीच नव्हती! प्लॅस्टिकचं टोपण तसंच लावलेलं. आणि केबल नसलेलं पोर्ट मुळात संदेश पाठवतच नाही, मग परत काय येणार? स्विचचं सॉफ्टवेअर अपडेट केलं, सेटिंग पुसून पुन्हा केलं... परत सतरा. कंपनीच्या सपोर्टवाल्याने लॉग बघून "नॉट पॉसिबल, मॅम" एवढंच सांगितलं. ते मलाही माहीत होतं.

मंडळाचे अध्यक्ष शिरीषकाका निवृत्त इंजिनिअर. त्यांनी थेट स्विचच्या फळीला लिंबू-मिरची टांगली.

"काका, तुम्ही आयुष्यभर टर्बाइन डिझाइन केलीत!"

"म्हणूनच सांगतो, मशिनला पण नजर लागते. एक लिंबू लावल्याने काय बिघडतं?"

"रस गळला तर स्विच बिघडतो."

"मग ते सतराचं प्रोटेक्शन तरी काढून टाक ना यार. मुग्धाच्या लग्नात कटकट नको."

लिंबू मी कचऱ्यात टाकलं. प्रोटेक्शन नाही काढलं. यंत्र ओरडतंय म्हणून त्याचं तोंड दाबायचं, हे मला पटत नाही.

आता मुग्धाचं लग्न. मुग्धा आमच्या मंडळातलीच. तिची आई नाशिकला. एकुलत्या मुलीच्या लग्नाला यायचं म्हणून व्हिसा मागितला, तर खिडकीपलीकडच्या माणसाने दोन प्रश्न विचारून नाकारला. तुम्ही परत जाणार नाही म्हणे! त्या बाईला लग्न दिसणार होतं ते फक्त पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवलेल्या लॅपटॉपमधून. हॉलच्या वायफायचा भरवसा नाही, म्हणून मी लॅपटॉपला केबल दिली होती, स्टेजखालच्या पाच सॉकेटच्या एका डबीतून. ही डबी म्हणजे छोटा स्विचच, कोठीतल्या स्विचच्या एका पोर्टला जोडलेला.

सकाळचा मुहूर्त. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझा फोन थरथरला.

पोर्ट सतरा, लूप.

मी इतकी चिडले, की अक्षता मुठीत तशाच घेऊन कोठीकडे निघाले. आज ते पोर्ट उपटूनच टाकायचं! स्टेजमागून जाताना बघते तर वैशालीकाकू पैठणी सावरत स्टेजखालच्या डबीपाशी वाकलेल्या. डबीतून निघालेल्या एका जादा केबलचं मोकळं टोक त्यांच्या हातात, आणि ते त्याच डबीच्या रिकाम्या सॉकेटपासून बोटभर अंतरावर.

"काकू, थांबा!"

"अगं, फोटोत येत होती—"

मी ते टोक हिसकावून घेतलं. ते आत गेलं असतं, तर स्विचने त्याचं काम चोख केलं असतं. स्टेजचं पोर्ट बंद. मी कोठीत जाऊन ते उघडेपर्यंत अंतरपाट दूर होऊन गेला असता, आणि नाशिकला काळा पडदा.

अंतरपाट दूर झाला. लॅपटॉपमधून आवाज आला, "मुग्धा, मी पण टाकल्या गं अक्षता! कीबोर्डात गेल्या सगळ्या!" अख्खा हॉल हसला. मुग्धा तेवढी रडली.

नंतर कोठीत गेले. सतरा रिकामं. टोपण जागच्या जागी. लॉगमध्ये नोंद मात्र होती — जो लूप अजून झालाच नव्हता, त्याची.

शिरीषकाका म्हणतात, संकेत होता. मी म्हणते, योगायोग. आणि म्हणताना मला स्वतःचाच राग येतो. कारण आधीच्या अलर्टच्या वेळी हॉलमध्ये कोण कुठे केबल घेऊन उभं होतं, हे मी एकदाही बघितलं नाही. दर वेळी तणतणत त्या रिकाम्या पोर्टकडेच गेले. म्हणजे पुरावा असलाच, तर तो गोळा करायचं माझ्याकडूनच राहिलं... लग्नानंतर सतरा गप्प आहे. प्रोटेक्शन चालू ठेवलंय. त्या अलर्टचं कारण अजूनही सापडलेलं नाही.

तर एक करा. कुणाला खरं कारण माहीत असेल तर लिहा. उपाय-तोडगे पाठवू नका. आणि पुढच्या वेळी हॉलमध्ये लोंबती वायर दिसली, तर ती खोचण्याआधी हाताने चाचपत तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत जा. तिथे कुणाची तरी आई बसलेली असेल.