गप्प राहिलेला भंगारवाला

परळची ती आग खरे तर शेजाऱ्यांनीच विझवली असती. ही गोष्ट पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर आजही मनातून जात नाही.

गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिला, तेव्हा जुन्या चाळकऱ्यांना मागच्या बाजूला पुनर्वसनाची इमारत मिळाली. तिथे सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या एक मावशी घरगुती डबे करून देत. एका दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात आग लागली. शेजारच्या गृहस्थांनी जिन्याजवळची लाल पेटी उघडली, पाण्याची नळी ओढली आणि व्हॉल्व्ह फिरवला. अशा नळीच्या टोकाला पितळी नोझल असते. त्यानेच पाण्याला जोर येतो आणि धार लांब जाते. ते नोझलच जागेवर नव्हते. पाणी त्या गृहस्थांच्या पायाशी सांडत राहिले. अग्निशमन दलाच्या जवानांनी मावशींना बाहेर काढले, तोवर त्यांचे दोन्ही हात भाजले होते.

पंचनाम्यात दिसले, की एकाही मजल्यावर नोझल शिल्लक नाही. गुन्हा नोंदवला आणि तपास माझ्याकडे आला.

सोसायटीच्या सेक्रेटरींचा संशय वॉचमनवर होता. इमारतीत चोरी झाली की संशय आधी सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर जातो, हा माझा अनुभव. मी वॉचमनचा जबाब घेतला आणि त्याला घरी पाठवले. नोझल ओढून किंवा तोडून काढलेली नव्हती, शिस्तीत सोडवलेली होती. हे काम सरावाच्या हाताचे होते. सीसीटीव्हीचे जुने चित्रण पुसले गेले होते. मग मी कामे वाटली. एका हवालदाराने इमारतीत येणाऱ्या कामगारांची माहिती काढायची, दुसऱ्याने लालबाग-परळची भंगाराची दुकाने फिरायची. चोरलेले पितळ कोणी शोकेसमध्ये ठेवत नाही, ते विकावेच लागते.

सगळ्या दुकानांत एकच उत्तर मिळाले, असला माल आम्ही घेत नाही. परतताना हवालदार लालबागला चहाला थांबला. टपरीवाला बोलता बोलता म्हणाला, की आगीच्या काही दिवस आधी समोरच्या भंगारवाल्याने एका माणसाला पोत्यासकट हाकलून दिले होते. बरीच बोलाचाली झाली होती. आम्हाला मिळालेली खबर एवढीच.

भंगारवाल्याला ठाण्यात बोलावले. साठी उलटलेला माणूस, गल्लीत त्याला सगळे शेठ म्हणत. बसा म्हटले तरी बसेना.

"शेठ, पोत्यात काय होतं?"

"नोझल. बिल्डिंगमधली. बघितल्या बघितल्या कळलं, साहेब. म्हटलं, उचल आणि चालता हो."

"घेतली नाहीत, चांगलं केलंत. मग आम्हाला का नाही कळवलं?"

त्याने मागच्या मुद्देमालाच्या खोलीकडे हात केला.

"मागे कळवलं होतं ना. गटाराची झाकणं विकायला आली होती, तेव्हा. माझा वजनकाटा अजून तुमच्या मुद्देमालात पडलाय."

मी कारकुनाला विचारले. खरे होते. माझी बदली तिथे होण्याआधीची ती गोष्ट. खबर द्यायला आलेल्या माणसालाच चोरीचा माल घेणारा समजून दिवसभर बसवून ठेवले होते. काटा जप्त केला, पुढे साक्षीसाठी कोर्टाच्या तारखा लावल्या. धंदा सोडून तो हेलपाटे घालत होता, हे सगळ्या बाजाराने पाहिले. त्यातून बाजार एकच गोष्ट शिकला. असला माल घ्यायचा नाही, पण पोलिसांना सांगायचेही नाही.

आता नाव येणार का, असे त्याने विचारले. साक्षीदार म्हणून येईल, आरोपी म्हणून नाही, असे मी स्पष्ट सांगितले. त्याने मावशींची चौकशी केली. मग हळूहळू वर्णन दिले. तो माणूस स्कूटरवर आला होता आणि पायाशी आग विझवायचे लाल सिलिंडर होते.

पुढचे सोपे होते. इमारतीतली अग्निशमनाची साधने तपासणाऱ्या ठेकेदाराचा माणूस सिलिंडर भरायला म्हणून न्यायचा. त्याला चौकशीसाठी आणले. सुरुवातीला तो बेधडक नाही म्हणाला. मी नोझलचा विषयच सोडला आणि विचारले, लालबागला कोणाशी भांडण झाले? त्याने पाणी मागितले. चौकशीत पाणी मागणाऱ्याला पुष्कळदा वेळ हवा असतो. पाणी पिऊन झाल्यावर त्याने कबुली दिली. माल दुसरीकडे विकला होता, तो केव्हाच वितळला होता. वर म्हणाला, "साहेब, त्या पेट्या कधी कोण उघडतं का?"

मावशींचा पुरवणी जबाब घ्यायला मी घरी गेलो, तेव्हा खोलीत शेजारी जमले होते. टपरीवरची बातमी इमारतीत पोचली होती आणि सगळे चिडले होते ते भंगारवाल्यावर. चाळीत असल्यापासून त्यांची रद्दी तोच नेत असे. "चोर परका होता, हा तर आपला ना?" सेक्रेटरी म्हणाले. "एक फोन केला असता, तर नवी नोझल बसवली नसती का आम्ही?"

मावशींचे हात बँडेजमध्ये होते. त्या माझ्याकडे वळल्या.

"तो घाबारलो म्हणान गप ऱ्हवलो, साहेब. पण तेका घाबरवल्यान कोणी?"

मी जबाबाचे कागद पुढे घेतले.

त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे आधी भंगारवाल्यांना चहाला बोलावले. खबर देणाऱ्याला बसवून ठेवायचे नाही, त्याच्या धंद्याची वस्तू गरज नसताना जप्त करायची नाही आणि जबाब शक्यतो त्याच्या दुकानात जाऊन घ्यायचा, असे नियम मी घालून दिले. पुढे फोन येऊ लागले. चोरीचे धातू ओळखणारी पहिली नजर भंगारवाल्याची असते. तो आपल्या बाजूने असेल, तर निम्म्या चोऱ्या गिऱ्हाईक न मिळाल्यानेच थांबतात.

लालबागच्या शेठकडे मात्र त्या इमारतीतून पुन्हा कोणी रद्दी घातली नाही. शेजारच्या चाळींनीही हळूहळू हात आखडला. त्याने दुकान बंद केले. मावशींची बोटे नीट मिटेनात, त्यांचे डबे सुटले ते सुटलेच. आमच्या दफ्तरी त्या गुन्ह्यापुढे शेरा आहे, 'उघडकीस आला'.