बरी शे

नाताळचं कार्ड मी चोरून पाठवलं, असं अजूनही कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. चोरून कसलं? धुळ्यात, भर दुपारी, टायपिंग क्लासचं दार सताड उघडं असताना पाठवलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी साक्रीहून एसटीने धुळ्याला कॉलेजला जायची आणि कॉलेज सुटलं की पाचकंदीलजवळच्या क्लासला. मोठा भाऊ मस्कतला नोकरीला. तिथल्या केरळच्या ख्रिश्चन नर्सशी त्याने लग्न केलं आणि आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, फर्मान काढलं, "त्यानं नाव या घरमा काढानं नही." भावाचं पत्र आलं की आबा ओट्यावरूनच पोस्टमनला परत करायचे. वहिनीला दिवस गेलेत, एवढं मायच्या कानावर आलं होतं. पुढे काहीच नाही. भाकरी थापता थापता माय मला हळूच विचारायची, "कशी व्हई व ती?" कशी असेल गं ती? मी काय सांगणार, कपाळ?

त्या हिवाळ्यात क्लासच्या सरांनी इंटरनेट घेतलं. लाईन लागेपर्यंत यंत्र असं किंचाळायचं की खालचा सायकलवाला वर बघायचा. डिसेंबर लागला आणि आम्हा पोरींना नाताळच्या कार्डांचं वेडच लागलं. पडद्यावर बर्फ पडायचा, सांताक्लॉज कंबर हलवून नाचायचा, त्याच्या नाकावर क्लिक केलं की शिंकायचा. आम्ही बर्फ पाहिलेला तो गोळेवाल्याच्या गाडीवर! पण त्या म्हाताऱ्याला दहा दहा वेळा शिंकायला लावून हसून हसून पुरेवाट व्हायची. असंच हसता हसता डोक्यात आलं, या टपालाला पोस्टमन नाही. आबा परत करतील कुणाकडे?

भावाच्या मित्राकडून त्याचा ईमेलचा पत्ता मिळवला. नाचणारा सांता निवडला आणि खाली रोमन अक्षरांत आमच्या अहिराणीत लिहिलं, "माय बरी शे. वाट देखी ऱ्हायनी." माय बरी आहे, वाट बघतेय. बस्, एवढंच.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं ते वहिनीचं, इंग्रजीत, आणि भडकलेलं. भाऊ कामासाठी बाहेरगावी गेला होता, कार्ड तिनेच उघडलं. आमचं 'शे' रोमन अक्षरांत लिहिलं की इंग्रजीतलं 'शी' होतं, म्हणजे 'ती'. आणि 'बरी' हे तिला बाईचं नाव वाटलं. तिने विचारलं होतं, ही बारी कोण? गावाकडे त्याची पहिली बायको आहे का?

सर वाचून दाखवताना ठसका लागेपर्यंत हसले. मला मात्र घाम फुटला. भावाचं घर जोडायला गेले आणि मोडायचीच वेळ आणली की! बसल्या जागी उत्तर लिहिलं, बारी नावाची कुणी बाई नाही, बरी म्हणजे छान, शे म्हणजे आहे. आता तू सांग, तू बरी शे का? दुसऱ्या दिवशी तिच्याकडून सांताच सांता आले, एकाखाली एक तीन, आणि शेवटी फक्त, "बरी शे."

आठवड्याभरात हे कुणीतरी आबांना पोचवलंच. ते ओट्यावरून गरजले, "नाताळ! हाऊ आपला सण शे का?"

"सण नसू दे," मी म्हटलं. "पोऱ्या ते आपला शे ना?"

"उद्यापासून क्लास बंद!"

दुसऱ्या दिवशी मी चपला घातल्या. पाहते तर माय नऊवारी नेसून दारात उभी. आबांकडे न बघता म्हणाली, "मी चष्माना नंबर काढाले जास." जन्मात तिला चष्मा नव्हता.

क्लासमध्ये मायला खुर्चीवर बसवलं. मस्कतहून कार्ड येऊन पडलेलं होतं. तिचा हात धरून मी सांताच्या नाकावर क्लिक करवलं, तो शिंकला, आणि माय पदराआड खुदकन हसली. मग मी खालची ओळ वाचली. वहिनीने भावाला विचारून आमच्याच बोलीत लिहिलं होतं, "नात व्हयनी. बरी शे." त्याखाली पोरीचं नाव.

"कोन बरी शे? नात का तिनी माय?"

"दोन्ही, माय."

तिने डोळे पुसले आणि सांताला आणखी एकदा शिंकायला लावलं.

संध्याकाळी आबांच्या ताटात भाकरी टाकताना मायने सरळ सांगितलं, "नात व्हयनी." आबा ताटावरून उठायला लागले.

"बठा," माय म्हणाली. "ताटवरथीन उठानं नही." तिचा असा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. आबा बसले. मान खाली घालून जेवत राहिले. शेवटचा घास झाल्यावर, ताटातच बघत त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवं?"

माय भाकरीची टोपली उचलून उभी राहिली.

"नाव या घरमा काढानं नही ना!"

संक्रांत उजाडेपर्यंत तिने ते त्यांना सांगितलं नाही.