लोकरीत ओवलेलं डोरलं

आधीच सांगून ठेवतो. मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर. जे मोजता येत नाय, ते माझ्या लेखी नसतंच. ह्या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी डब्याच्या सुट्टीत मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि आम्ही सगळे मिळून हसायचो... पांढरी साडी काय, उलटे पाय काय! आणि आता मीच लिहायला बसलोय. हसणाऱ्यांनी खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

तर मागच्या फेब्रुवारीत कंपनीच्या स्नेहसंमेलनात मला बक्षीस लागलं — आपल्याच शहरातल्या एका बड्या हॉटेलात 'रोमँटिक वीकेंड फॉर टू'. शनिवार-रविवार, एक मुक्काम, स्विमिंग पूल, कँडललाइट डिनर, सगळं त्यात. हॉटेलचं नाव लिहीत नाय. त्याच्या समोरून मी नऊ वर्षं रोज बाईकवर जातोय, पण गेटच्या आत कधी पाय टाकला नव्हता.

आम्ही राहतो पुंडलिकनगरला. मी, बायको सारिका, सहा वर्षांची पोरगी आणि माझी आई. आमचं लग्न कोर्टातलं. मी पाटलाच्या घरचा आणि सारिका धनगराची, तिचा आज्जा जन्मभर मेंढरांमागं फिरला. आई आठ वर्षं सुनेशी थेट बोलली नाय. समोर बसून मला म्हणायची, "तिला सांग, भाजीत मीठ कमी हाय." सारिकानं ऐकलेलं असायचं, तरी मी सांगायचं. पोस्टमन झालो होतो मी घरात!

मग गेल्या वर्षी आईचं खुब्याचं हाड मोडलं. चार महिने सारिकानं तिला उठवलं, बसवलं, न्हाऊ घातलं. दसऱ्याला आईनं ट्रंकेतून स्वतःचं डोरलं काढलं. वडील गेल्यापासून ते तिनं कुणाला दाखवलंसुद्धा नव्हतं. मध्ये सोन्याचं डोरलं, दोन्ही अंगाला चार-चार सोन्याचे मणी आणि बाकी काळ्या मण्यांची पोत. ते सारिकाच्या गळ्यात घातलं आणि म्हणाली, "आता हे तुझं. जप." माझ्याकडं नाय, सुनेकडं बघून म्हणाली! सारिका स्वयंपाकघरात जाऊन लई रडली. तिची आठ वर्षं त्या डोरल्यात होती, एवढं ध्यानात ठेवा.

आता आईला कसं सांगणार, की आम्ही गावातल्या गावात हॉटेलात निजायला चाललोय? "घर काय पडलंय का?" म्हणाली असती. म्हणून ठोकून दिलं — सिल्लोडला मित्राची वास्तुशांत आहे, मुक्काम करून येतो, पोरगी तुझ्यापाशी राहील. तर आईनं लगेच डबा बांधला. बाजरीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. "वाटंत खा. लोकाच्या घरी जेवायला उशीर व्हतो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरं सांगू? गेटमधून आत शिरलो आणि लाज कुठल्या कुठं पळाली. काय ते झुंबर, काय तो गारवा! थंड सरबताचे ग्लास हातात आले. घरात सारिका मला 'अहो' म्हणते, आईसमोर तर मान खाली घालून. लिफ्टचं दार लागलं आणि बाईसाहेब कॉलेजातल्यासारख्या ओरडल्या, "ए विन्या, चिमटा काढ मला!"

खोली तिसऱ्या मजल्यावर, ३१२. पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले, भोवती गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम. सारिकानं आधी फोटो काढले आणि मग सगळ्या पाकळ्या पिशवीत भरल्या. म्हणाली, "गुलकंद होईल." मी हसून हसून पलंगावर आडवा झालो, एक हंस मोडला.

दुपारचे अडीच-तीन झाले असतील. बाल्कनीत दोन खुर्च्या होत्या. खाली बघितलं तर हिरवीगार लॉन आणि निळा पूल. आम्ही काय केलं, तर आईचा डबा उघडला. एवढ्या मोठ्या हॉटेलात आम्ही ठेचा-भाकरी खात बसलो!

सारिकानं भाकरीचा पहिला तुकडा मोडला. तो तोंडात न घालता चहाच्या बशीत ठेवला, बशी बाल्कनीच्या कोपऱ्यात सरकवली आणि हात जोडून म्हणाली, "जागेवाल्या, तुझ्या जागंत आलोय. लक्ष असू दे."

हे तिच्या माहेरचं. मेंढरं घेऊन रोज नव्या रानात उतरायचं, तर जेवायच्या आधी पहिला घास त्या जागेच्या धन्याला. लग्नानंतर पहिल्याच दिवशी तिनं आमच्या घरी ताटातून असा घास काढला होता आणि आई माझ्याकडं बघून म्हणाली होती, "तिला सांग, असलं रानातलं माझ्या घरात नाय चालायचं." त्यानंतर सारिकानं कधीच काढला नाय. आज आठ-नऊ वर्षांनी काढला, आणि मी दीडशहाणा म्हणालो, "अगं, ह्या जागेचा धनी खाली केबिनमध्ये बसलाय, जनरल मॅनेजर!" ती हसली, पण बशी तिनं तिथंच ठेवली.

चारला दहा मिनिटं कमी असताना पूलवर निघालो. निघताना बाल्कनीचं काचेचं दार मी स्वतः आतून लावलं, कारण तिथं पाटीच होती की कबुतरं येतात, दार बंद ठेवा. खोलीला 'डू नॉट डिस्टर्ब' लटकवलं. पूलच्या पायरीवर सेल्फी काढला. फोटोत डोरलं स्पष्ट दिसतंय, वेळ चार वाजून बारा मिनिटं. फोटो अजून आहे माझ्याकडं.

तासभर पाण्यात नुसता दंगा. तिला पोहता येत नाय, मला येतं असं मी समजत होतो. बाहेर आलो, तिनं टॉवेल घेतला, गळ्याला हात लावला... आणि तशीच उभी राहिली.

"विनू... डोरलं."

पोत तुटली होती. गळ्यात काही म्हणजे काही नव्हतं.

पूलवर काझीभाई म्हणून देखरेखीला होते, पन्नाशी उलटलेले, गंभीर माणूस. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः तीनदा तळ गाठला. फिल्टरची जाळी काढून माझ्यासमोर झटकली. मी लॉनवर गुडघ्यांवर रांगलो, चेंजिंग रूम झाडून घेतली. सोनं सोडा, एक काळा मणी सापडला नाय!

"साब, पानी में सुई गिरी तो भी मेरे कू दिखती," काझीभाई म्हणाले. "इधर नै है. कसम से नै है."

सारिका आरामखुर्चीत बसली होती. रडत नव्हती, तेच जास्त वाईट होतं. मी जवळ गेलो आणि जन्मातलं सगळ्यात बिनडोक वाक्य बोललो, "सराफाकडून सेम टू सेम करून घेऊ, आईला कळणार नाय."

"एक खोटं बोलून आलो ते बास झालं ना?" ती म्हणाली. "आत्याबाईंनी गळ्यातलं दिलं मला. स्वतःच्या गळ्यातलं, विनू! आता त्या परत तुझ्याकडं बघून बोलणार. 'तिला सांग.' मी नाय सहन करू शकत आता ते." आत्याबाई म्हणजे माझी आई.

बॅग भरून घरी जायचं आणि खरं सांगून टाकायचं, असं ठरवून वर आलो. साडेसहाला पाच-दहा मिनिटं असतील, अजून उजेड होता. कार्ड लावून दार उघडलं आणि सारिका उंबऱ्यातच थांबली.

"मेंढरांचा वास येतोय."

मला सर्दी होती, मला कसलाच वास आला नाय. पण ती तडक बाल्कनीकडं गेली. कडी आतून होती, मी लावली तशीच. तिनं काचेतून बघितलं आणि अशी काही किंचाळली की मी पलंगावरून उडी मारून पोचलो.

बशीतला भाकरीचा तुकडा नव्हता. बशीत डोरलं होतं!

अहो, माझं डोकं फिरायची वेळ आली. मी कडी काढली, बशी उचलून आत आणली. मधलं डोरलं, दोन्ही अंगाला चार-चार, आठच्या आठ मणी. काळा मणी मात्र एकही नाय. सगळं सोनं काळ्या लोकरीच्या धाग्यात ओवलेलं. हातानं कातलेली लोकर, कुठं जाड कुठं बारीक. ती मण्यांच्या एवढ्याशा भोकातून गेली कशी, हे मला आजही कळत नाय. आणि धागा मागं गाठ मारून पुरा केलेला, गळ्यात घालायला तयार.

सारिकानं बशी हातात घेतली. गाठीवर बोट ठेवलं. हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"ही आज्ज्याची गाठ आहे."

तिचा आज्जा मेंढरांमागं चालता चालता चातीवर लोकर कातायचा. म्होरक्या मेंढीच्या गळ्यात घंटा बांधायला त्याची स्वतःची एक गाठ होती — दोन वेढे उलटे, एक सुलटा आणि टोक आत दडवलेलं. ओढली की आणखी आवळते. घरात दुसऱ्या कुणाला ती जमली नाय, सारिकालासुद्धा नाय. लहानपणी तो तिला म्हणायचा, "सारे, तुझ्या गळ्यातलं मीच ओवणार." आमच्या कोर्टातल्या लग्नाआधी दोन वर्षं तो वारला. आणि कोर्टात ओवायला होतंच कोण? मी दुकानातून तयार आणलं होतं.

आता माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. मी तसाच ओल्या चड्डीवर रिसेप्शनला पळालो! दाराच्या कुलपाची नोंद काढायला लावली. तीन पन्नासला आम्ही दार लावलं, त्यानंतर थेट सहा पंचवीसला आमच्याच कार्डानं उघडलं. मध्ये कुणी नाय. आमच्या बाल्कनीला शेजारची बाल्कनी लागून नाय. पाईप नाय, शिडी नाय. भाकरी कबुतरांनी नेली असेल, मान्य. पण कबुतर लोकर कातत नाय.

काझीभाई बघायला वर आले. डोरल्याला हात लावला नाय, नुसते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "होटल बनने से पहले इधर सब खेतां थे. मेरे वालिद बोलते थे, धनगरां आके मेंढरां बिठाते थे यहाँ, खाद के वास्ते." नक्की ह्याच जागेवर का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. सारिकाचा आज्जा ह्या बाजूला आला होता का, ते आम्हालाही माहीत नाय.

भीती वाटली का, असं सगळे विचारतात. अजिबात नाय! उलट अशी संध्याकाळ आमच्या आयुष्यात आली नव्हती. बॅग भरली नाय. सारिकानं डोरलं गळ्यात घातलं, हिरवी साडी नेसली आणि आम्ही कँडललाइट डिनरला गेलो. समोर काटे-चमचे मांडलेले, वाजवणारा गिटार वाजवतोय, आणि बाईसाहेबांनी पनीरचा पहिला तुकडा बशीत काढून ठेवला. ह्या वेळी मीपण हात जोडले. शेजारच्या टेबलवरचे बघत होते, बघू देत!

रविवारी संध्याकाळी घरी आलो. सारिका चप्पल काढतेय तेवढ्यात आईची नजर गळ्यावर गेली.

"पोत कुठं गेली?"

मी लगेच, "अगं आई, सिल्लोडला ना..."

"आत्याबाई, आम्ही सिल्लोडला नव्हतो," सारिका म्हणाली. आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हॉटेल, पूल, हरवलेलं डोरलं, भाकरीचा घास, आज्ज्याची गाठ. काही म्हणता काही लपवलं नाय. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला वाटलं, संपलं, मी पुन्हा पोस्टमन.

आई कॉटवरून उठली. काठी टेकत जवळ आली, तो धागा बोटांत धरला, ओढून बघितला. गाठ सुटली नाय. मग ती आत गेली आणि जेवायलासुद्धा बाहेर आली नाय. सारिकाला सारखं वाटत होतं, आपण खरं बोलून चुकलो.

सोमवारी मी धाग्यातून सुटलेला एक केस कंपनीत नेला, मायक्रोमीटरनं मोजला, भिंगाखाली धरला. लोकर आहे, काळ्या मेंढीची, एवढंच कळलं. सराफाला दाखवलं, तो म्हणाला, "गाठ मला सुटत नाय. कापू का?" सारिकानं कापू दिली नाय. ह्याच्या पलीकडं माझ्याकडं आजही काही नाय. कुणाला माहीत असेल तर सांगा, मी मनापासून ऐकीन. आता हसणार नाय.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. त्या सोमवारी रात्री आई आमच्याबरोबर जेवायला बसली. सारिकानं तिच्या ताटात गरम भाकरी टाकली. आईनं भाकरी मोडली आणि पहिला तुकडा हातात धरून तशीच बसून राहिली. मला वाटलं, भाकरी करपली का काय.

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय.

"सारिके," ती म्हणाली, "हा कुठं ठेवायचा असतो गं?"