बारावी खुर्ची

घमेल्यात कोमट पाणी ओतलं की ईस्टरआधीचा तो पवित्र गुरुवार आठवतो. त्या दिवशी फादर बारा पुरुषांचे पाय धुवायचे, आणि बाराही जण घरून पाय घासून यायचे. त्या वर्षी एक आलाच नाही. फादर मला म्हणाले, "बाई, तुम्ही या." आमच्या चर्चमध्ये त्या बारा खुर्च्यांवर बाई कधी बसली नव्हती. मी उठले तसा पुरुषांच्या बाजूनं नवरा दबक्या आवाजात म्हणाला, "बस खाली, लोक पाहून राह्यले." मी जाऊन खुर्चीवर बसले. सरळ वावरातून आले होते, पाणी काळं झालं. घरी जाताना नवरा झपाझप पुढं निघाला. आज मार पडणार, हे धरूनच मी मागं चालत होते. दारात तो वळला. "जायचंच होतं, त पाय घासून काऊन नाही गेली?" आता तो नाही. दरवर्षी त्या गुरुवारी मी पाय घासूनच निघते, कोणी बोलावो न बोलावो.