मॅडमचं मनगट

मुलीने काल नवा बास्केटबॉल घरात आणला आणि त्या कोऱ्या रबराच्या वासाने मला थेट चेन्नईला नेलं. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. विद्यापीठाच्या मुलींच्या संघात माझी निवड झाली होती. बाबा रेल्वेत नोकरीला, मूळचे साताऱ्याचे. "खेळ, पण चारचौघांत हाफ पँट घालायची नाही," असं त्यांनी बजावलं आणि मी रडत रडत गणवेश परत करून आले.

त्याच संध्याकाळी आमच्या प्रशिक्षक सरोजा मॅडम गणवेशाची पिशवी घेऊन आमच्या क्वार्टरमध्ये आल्या. विद्यापीठाच्या मुलींच्या पहिल्या संघात त्या खेळल्या होत्या. घामाने चिकटलेली सुती साडी, केसांत सुकत आलेला मोगरा. त्यांनी पदर बाजूला करून डावा हात बाबांसमोर धरला. मनगट वाकडं होतं.

"सार, आम्हाला साडी खोचून खेळावं लागायचं," त्या सावकाश तमिळमध्ये म्हणाल्या. "धावताना निऱ्यांत पाय अडकला, हात मोडला आणि माझा खेळ संपला. आमच्यानंतरच्या मुलींनी भांडून हा गणवेश मिळवला."

बाबा त्या मनगटाकडे बघत राहिले.

तेव्हा मला फक्त परवानगीची घाई होती. आज मॅडमच्या वयाची झाल्यावर कळतं, जे त्या कायम पदराखाली झाकायच्या, ते माझ्यासाठी त्यांनी अनोळखी घरात उघडं केलं होतं.

शेवटी बाबा उठले, पिशवी माझ्या हातात दिली आणि मॅडमना विचारलं, "पहिला सामना कधी आहे? मलाही यायचंय."