नागोराव भाऊ आणि चौदा तोंडांची विहीर

नागोराव भाऊ सकाळी शटर वर करायचे, संगणकाला उदबत्ती ओवाळायचे, आणि उदबत्तीची राख पडायच्या आत त्याच संगणकाला शिव्या घालायला बसायचे. औंढ्याच्या बसस्टँडसमोर त्यांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. शिव्या इतक्या खणखणीत की नागनाथाला आलेले लांबलांबचे यात्रेकरू आधी भाऊंच्या दुकानापुढं हात जोडून उभे राहायचे. हे मी गेली कित्येक वर्षं चारचौघांत सांगत आलोय आणि आजवर कुणी खोडून काढलेलं नाही.

शिव्यांचं कारण सर्च इंजिन. लोक पेपरात सोयाबीनचा भाव बघतात, भाऊ सर्च इंजिनांच्या बातम्या बघायचे. कोणतं नवं निघालं, कोणतं कुणी विकत घेतलं, कुणी कुणाशी करार केला, सगळं तोंडपाठ. सातबारा काढायला आलेल्या माणसाला सातबाऱ्याआधी ही भावकी ऐकावी लागायची. सगळ्यात मोठ्याला ते 'थोरला' म्हणायचे आणि बाकीच्यांना मिळून 'चिल्लर'.

"थोरला म्हंजे मोंढ्यातला दलाल हाय, बापू," ते मला सांगायचे. "ज्यानं पैसे मोजले त्याची हळद पयली दाखवते. चांगली हळद खालच्या पोत्यात. अन् ही चिल्लर? ही त्याच्याच पोत्यातून मापटं भरून घेती अन् दारोदार 'आमच्या वावरातली' म्हणून इकती!"

एका चिल्लरची जाहिरात होती की आम्ही तुमची काहीच ओळख ठेवत नाही. भाऊ भडकले. "माझा मेव्हणा बी लग्नापासून मला ओळखत न्हाई. सत्कार ठेवू का त्याचा?" दुसरं एक महिन्याला वर्गणी मागायचं आणि त्या बदल्यात जाहिराती दाखवायचं नाही. "म्हंजे तुमच्या दारात उकिरडा टाकत न्हाई, त्याची बिदागी द्या! वा रे शहाण्या!" भाऊंचा तिरस्कार सगळ्यांना सारखा वाटलेला असायचा. पंगतीत वाढावा तसा, कुणाला कमी नाही.

आणि तरी आख्खा तालुका शोधायला त्यांच्याकडंच यायचा, कारण त्यांची पद्धत. कुणी म्हणालं, "भाऊ, बोअरची मोटर बसली, दुरुस्त कोण करते?" की ते शोधायचे, पडद्यावरच्या पहिल्या तीन नावांकडं पाहून नाक मुरडायचे आणि चौथ्याला स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावायचे. पलीकडून माणूस बोलला, त्यानं काम येतं म्हणून सांगितलं, की मगच गिऱ्हाइकाच्या हातात चिठ्ठी.

"सापडलं म्हंजे खरं झालं काय?" हे त्यांचं पेटंट वाक्य. "फोन लाव. उचलला तं खरं."

असं करून त्यांनी आयुष्यात एकालाही चुकीचं उत्तर दिलं नव्हतं. हे मी वाढवून सांगत नाही. बाकीचं थोडं वाढवतो, हे नाही. त्या एका गोष्टीवर ते छाती काढून चालायचे.

मग थोरल्यानं नवीनच चाळा सुरू केला. आधी तो दहा पानांकडं बोट दाखवायचा, आता सगळ्यांच्या वर स्वतःच उत्तर लिहून द्यायला लागला. चिल्लरही लगोलग तेच करायला लागली. भाऊंनी त्या दिवशी उदबत्ती लावली नाही.

"आतापर्यंत मुका होता तं बरा होता," ते म्हणाले. "आता ह्याला तोंड फुटलं. अन् अक्कल? ती कवा फुटणार?"

चिल्लर थोरल्याचाच माल उचलते हे पुराव्यानिशी दाखवायचं त्यांच्या डोक्यात बसलं. एका दुपारी त्यांनी इंटरनेटवर एक खोटं पान बनवलं. शिरड शहापूरच्या रस्त्याला बापूच्या वावरात चौदा तोंडांची जुनी विहीर आहे, पाणी बारा महिने गार असतं. बापू म्हणजे मी. माझ्या त्या वावरात हळद आहे, एक बाभूळ आहे आणि शेजाऱ्याशी बांधाचं भांडण आहे. विहीर नाही. एकतोंडीसुद्धा नाही. पान अशा रीतीनं ठेवलं की थोरल्यालाच दार उघडं, बाकी सगळ्यांना कुलूप.

आठ दिवसांनी सगळ्या चिल्लरनं माझी विहीर दाखवली. भाऊंनी स्टँडवर पेढे वाटले. "सापडले! चोर सापडले, बापू! कुलपातली विहीर ह्यायला दिसली कशी?"

एकच अगदी बारकं इंजिन, कुठल्या तरी परमुलखात कुणी एकटा माणूस घरून चालवायचा म्हणे, ते म्हणालं, 'काहीही सापडले नाही.'

"हे तं आंधळंच हाय," भाऊ म्हणाले, आणि त्याला पेढ्याइतकीही किंमत दिली नाही.

पेढ्यांची चव जिभेवर असतानाच गाड्या यायला लागल्या. नागनाथाचं दर्शन झालं की माणसं मोबाईल बघत थेट माझ्या हळदीत. एकानं मला माझ्याच वावराचा इतिहास सांगितला. आता खरं सांगतो, पहिल्या दोन गाड्यांना मी लांबूनच हात करून शेजाऱ्याच्या वावरात पाठवलं. बांधाचं भांडण जुनं आहे, माणूस मोहात पडतो. त्याचा ऊस तुडवला गेल्यावर तो ओरडत आला, तेव्हा मी भाऊंना फोन केला.

"भाऊ, तुमची विहीर माझ्या हळदीला खाऊन राहिली."

"पाटी लाव," ते म्हणाले.

मी पाटी लावली. 'येथे चौदा तोंडांची विहीर नाही.' कुणीतरी तिचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला. दुसऱ्या दिवशी थोरल्याचं उत्तर तयार: विहिरीचे स्थान दर्शवणारा फलक शेतात आहे. भाऊ हसून हसून खुर्चीवरून घसरले. रविवारी खास ही गंमत बघायला ते माझ्या बांधावर येऊन बसले, भुईमुगाच्या शेंगा घेऊन.

त्याच रविवारी ती बाई आली. वाशीमकडची होती. एका हातात पाच लिटरचा रिकामा कॅन, दुसऱ्या हातात नऊ-दहा वर्षांची पोरगी. पोरीचे डोळे असे पिवळे, की माझी आख्खी हळद त्यांत उतरली होती.

"दादा, विहीर कोणत्या अंगाला हाय?"

भाऊ शेंग सोलता सोलता म्हणाले, "काहून? पाणी पिऊन काय करता?"

"लेकराची कावीळ उतरते ना." तिनं मोबाईल पुढं केला. सगळ्यात वर, ठळक अक्षरात, उत्तर होतं: या विहिरीचे थंड पाणी काविळीवर गुणकारी मानले जाते.

भाऊंनी ते दोनदा वाचलं. "मी असं लिवलं न्हाई," ते म्हणाले. बाईला कळलं नाही, मला कळलं.

"डॉक्टरनं शुक्रवारीच भरती करा म्हणलं व्हतं," बाई सांगत होती. "मी म्हणलं, आधी हे पाणी पाजून बघावं. दोन दिस झाले, हिच्या पोटात काही ठरून न्हाई राहिलं."

पोरगी बांधावर बसली ती आडवीच झाली. भाऊंच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या.

"ताई, विहीर न्हाई," ते म्हणाले.

"अहो, पण यात तं हाय."

"ते मी लिवलं. खोटं लिवलं. गंमत म्हणून." मग माझ्याकडं वळून असे ओरडले की बाभळीवरचे बगळे पार परभणीत जाऊन उतरले असतील. "बापू, जीप काढ! बघत काय बसला?"

हिंगोलीला पोचेपर्यंत त्यांनी पोरीचं डोकं मांडीवरून हलू दिलं नाही. तिथून नांदेडला हलवलं, तिथंही सोबत गेले. पोरगी वाचली. बारा दिवसांनी डोळ्यांचा पिवळेपणा गेला, डॉक्टरच्या औषधानं. निघताना बाई भाऊंच्या पाया पडायला वाकली, तर हा एवढा आडदांड माणूस दोन पावलं मागं सरकून भिंतीला टेकला.

"नका, ताई. तकलीफ मीच देली तुमाला."

परत आल्याआल्या त्यांनी ते पान काढून टाकलं. विहीर मात्र हलली नाही. थोरल्याला लिहिलं, चिल्लरला लिहिलं, मराठीत लिहिलं, हिंदीत लिहिलं, कुणाकडून तरी इंग्रजीतही लिहून घेतलं. सगळीकडून एकच उत्तर, तेही यंत्राचं: तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. थोरल्याचा फोन नंबर शोधायला त्यांनी तीन दिवस घालवले. आख्ख्या जगाचे नंबर दाखवणाऱ्यानं स्वतःचा तेवढा कुठंच ठेवला नव्हता.

चौथ्या दिवशी मी दुकानात गेलो तेव्हा ते पडद्याकडं बघत बसले होते. आंधळं म्हटलेलं ते बारकं इंजिन उघडं होतं. प्रश्न चौदा तोंडांच्या विहिरीचा, उत्तर तेच: काहीही सापडले नाही.

"बापू, आख्ख्या दुनियेत हा एकटा खरं बोलला," ते म्हणाले. "अन् मी ह्यालाच आंधळा म्हणलो."

त्यानंतर भाऊंच्या शिव्या कमी झाल्या नाहीत, पण त्यांत त्यांनी स्वतःचंही नाव घातलं. थोरला, चिल्लर आणि शेवटी नागोराव, अशी रोज सकाळी ओळीनं पूजा. दुसरा बदल मोठा होता. ज्या माणसाच्या तोंडून तालुक्यानं 'माहीत नाही' कधी ऐकलं नव्हतं, तो आता गिऱ्हाइकाला सरळ म्हणायचा, "मला माहीत न्हाई. उद्या या, विचारून ठेवतो." लोकांना आधी वाटलं, भाऊंची तब्येत बिघडली.

काही महिन्यांनी बातमी आली की ते बारकं इंजिन बंद पडलं. खर्च झेपत नव्हता म्हणे. त्या दिवशी भाऊंनी शटर अर्धंच वर केलं. मी वाकून आत गेलो तर मलाच म्हणाले, "दुसऱ्याच्या पोत्यातला माल इकणारे टिकले बघ. ज्याचं सोताचं वावर व्हतं, ते गेलं."

मागच्या हिवाळ्यात भाऊही गेले, झोपेत. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. विहीर मात्र मजेत आहे. तिला साडेचार तारे आहेत, आणि पाणी गोड असून गाडी लावायला जागा कमी पडते, अशी तक्रारही कुणीतरी नोंदवून ठेवली आहे.

परवा एक पांढरी गाडी बांधाला येऊन थांबली. काच खाली झाली. "काका, विहीर?"

मी शेजाऱ्याच्या उसाकडं पाहिलं. यंदा ऊस मस्त आलाय, हात आपोआप तिकडं उठत होता. तो मी खिशात घातला.

"न्हाई," म्हणालो. "विहीर न्हाई इथं. कधी नव्हती."

"अहो, असं कसं? यात दाखवतंय ना!"

"व्हय? मग त्यालाच फोन लावा," मी म्हणालो. "बघा उचलतो का."