खिशातला कांदा

मे महिन्यातली दुपार होती. कोराडीच्या थांब्यावर नागपूरच्या बसची वाट बघणारा एक म्हातारा सारखा खिशातून डोकावणारा कांदा चाचपत होता. माझ्या चार वर्षांच्या मुलीने त्याला विचारलं, "कांदा कशाला?"

"ऊन लागू नये म्हणून. घरची रोज टाकते खिशात."

"मग कांद्याला ऊन नाही लागत?"

मी नेहमीसारखा हसून मोकळा झालो. तो हसला नाही. कांदा तळहातावर घेऊन त्याने उलटसुलट पाहिला, त्यावर गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक ओढलं. "इतके उन्हाळे गेले. मले हे काहून नाही सुचलं?"

बसमध्ये तो आमच्या पुढेच बसला. बसल्याबसल्या त्याने घरी फोन लावला.

"काम काही नाही वं. तू बाहेर जाताना कांदा ठेवते का जवळ?"